तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात माझं नाव बदललं याचा मला भारी राग होता. ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं घासून मी मास्तरीण झाले ती माहेरच्या नावानं, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं लिहिलं दुसरंच. ते सासूबाईंनी ठरवलेलं. मी मनात म्हटलं, अगो बाई, ही कोण? पण विचारते कुठली! सासूबाईंचा दराराच तसा होता.

पुढे, तीस सालच्या सुमाराला, हे मोंबासाला हिंदी लोकांच्या शाळेत मास्तर म्हणून गेले. आमची पोर तेव्हा रांगत होती. वर्षभरात आम्हा दोघींना नेणार होते, तर तिकडच्या सरकारनं नियम काढला: बाहेरून आलेल्या मास्तराला परवाना एकट्याचा. मास्तर हवेत, त्यांची बिऱ्हाडं नकोत! त्यापायी किती मास्तर परत फिरले, आणि दोन-दोन वर्ग एकत्र बसवून यांना शिकवावं लागायचं. इकडे पोर चालायला लागली, बोलायला लागली, आणि भिंतीवरच्या फोटोला 'बाबा, आ करा' म्हणून पेज भरवायला लागली. हसूही यायचं आणि जीवही तुटायचा.

मग एक फट सापडली. तिथल्या मुलींच्या शाळेला शिकलेली मास्तरीण हवी होती. तिला परवाना मिळत होता आणि स्वतःचं मूल सोबत न्यायची मुभाही होती. यांचं पत्र वाचून मी शेजारणीला ओढून अंगणात फुगडी घातली.

पण आमचे हे गणिताचे मास्तर, भारी काटेकोर. अर्जात बायको म्हणून माझं सासरचं नाव लिहिलं, आणि मास्तरीण म्हणून दाखल्यावरचं माहेरचं. आमच्याकडे नाव बदलतात हे तिकडच्या गोऱ्या साहेबाला काय ठाऊक! उत्तर आलं: मास्तरणीनं खुशाल यावं; पत्नीला परवाना नाही; आणि पत्नीचं मूल मास्तरणीला आणता येणार नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. गणिताच्या मास्तरानं एकीच्या दोन केल्या!

आता या दोघी एकच, असा मामलेदाराचा दाखला हवा होता. पुरावा कसला द्यायचा? तांदूळ तर तेव्हाच शिजवून खाल्लेले. लग्नाला हजर असलेल्या घरच्या वडील माणसानं कचेरीत येऊन सांगावं, असं ठरलं. घरात वडील माणूस एकच. मी भीतभीत सासूबाईंना सांगितलं. सून जाणार, नात जाणार. त्या कशाला येतायत? सकाळी बघते तर ठेवणीतलं लुगडं नेसून ओटीवर उभ्या.

"चल गो लवकर. मामलेदार काय तुझी वाट बघत बसायचा नाही."

कचेरीत कारकुनानं त्यांना विचारलं, "हिचं नाव कुणी बदललं?"

"मी. आमच्यात बदलतातच. माझंही बदललेलं."

"तुमचं माहेरचं काय होतं, आजी?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. ते माझं होतं. तांदळातलं.

कारकून म्हणाला, "हिचं नव्हे हो, तुमचं विचारतोय."

"माझंच सांगत्ये. चाळीस वर्षं कुणी हाक मारली नाही त्या नावानं. हिला ठेवलं. म्हटलं, घरात ऐकू तरी येईल."

आणि रोज उठून स्वतःच ते पुकारत होत्या! चूल पेटवताना, परसात, दहादा. मी मात्र प्रत्येक हाकेला मनातल्या मनात नाक मुरडत होते. मला तिथंच रडू कोसळलं, आणि आई रडते म्हणून कडेवरच्या पोरीनंही भोकाड पसरलं.

मामलेदारांनी दाखला द्यायचं कबूल केलं. दोन्ही नावं मध्ये 'उर्फ' घालून लिहायची होती. "आधी कुठलं घालू?" कारकुनानं मला विचारलं. मी अजून पोरीचे डोळे पुसत होते.

"तिचं घाला आधी," सासूबाई म्हणाल्या. "शिकल्ये ती त्या नावानं."

कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"यातलं माझं कुठचं गो?"

मी दाखवलं. त्यावर बोट टेकवून त्या चक्क हसल्या.

"म्हणजे मीपण चालल्ये तर मोंबासाला!"