कनिकाची निळी सॅक

दैवशाला मूळची हसनाबादची. लग्न होऊन जालन्यात आली आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये कामाला लागली. काम उगवण तपासायचं. सरकी, मका, बाजरीचं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, कोंब आले की गुंडाळी उलगडायची आणि चिमट्यानं एकेक कोंब उचलून बघायचा. मूळ धड आहे का, देठ पिळलाय का, पानं सुटतील का. संशयाचा कोंब तिनं कधी चांगल्यात मोजला नाही. त्यामुळं बियाण्याचा लॉट विक्रीला जायचा अडकला की साहेब येऊन कुरकुर करायचे, पण तिचा आकडा हलायचा नाही.

या बाईला बर्फाचा नाद आहे, हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

तिचा नवरा भागवत पूर्वी संभाजीनगरच्या एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर किल्ले फिरायचा. त्या ग्रुपनं एका हिवाळ्यात काश्मीरला स्कीइंग शिकायला जायचं ठरवलं, आणि ऐन वेळी भागवतचं दुकान सोडून जाणं जमेना, म्हणून त्याच्या जागी दैवशाला गेली. सुरुवातीला नुसती पडत राहिली. पण परत आली ती वेगळीच होऊन. त्यानंतर जमेल त्या हिवाळ्यात ती जायला लागली. दोरावरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, यात तिला फार गोडी नव्हती. पहाटे चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून, जिथं कुणी गेलेलं नाही अशा उतारावर स्वतःच्या पायांनी चढायचं, वर बसून डबा खायचा आणि दिवस कलायच्या आत खाली उतरायचं, हे तिला आवडायचं.

सासरी मात्र तिनं दर वेळी ‘कंपनीचं ट्रेनिंग आहे’ असंच सांगितलं. भागवतला खरं माहीत होतं आणि तो सांभाळून घ्यायचा. दोन पोरं सासूवर टाकून सून बर्फात खेळायला जाते, हे घरात कसं सांगायचं, ते दोघांनाही कळत नव्हतं. घरी सांगितलं नाही म्हणून लॅबमध्येही सांगता येईना. जालना काही एवढं मोठं नाही.

मग कनिका लॅबमध्ये नवीन कामाला आली. जालन्यातच मस्तगडला तिच्या वडिलांचं, रामनिवासजींचं कापड दुकान, वरच्या मजल्यावर घर. पोरगी हुशार, बोलकी. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मनालीला जाऊन ती स्नोबोर्ड शिकली होती. एकदा दैवशालाच्या मोबाइलमधला एक फोटो तिच्या नजरेला पडला आणि गुपित फुटलं. कुणाला सांगू नको, म्हणून दैवशालानं तिच्याकडून शब्द घेतला. कनिकानं तो पाळला. पण पुढच्या हिवाळ्यात तुमच्याबरोबर मीही येणार, हेही त्याच दिवशी सांगून टाकलं.

स्वतःच्या जाण्याचं कनिकानं काहीच लपवलं नाही. लपवायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. साहेबांनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं की आपल्या कंपनीतली पहिली मुलगी बर्फावर चालली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दैवशालानंही वाजवल्या. मग चहा अर्धाच टाकून ती आपल्या गुंडाळ्यांकडं वळली.

निघायच्या आधी एका रविवारी कनिकानं तिला घरी बोलावलं. ताई बरोबर येणार हे तिनं फक्त घरच्यांना सांगितलं होतं, तेही बाहेर बोलायचं नाही या अटीवर. तिनं दोन सॅक ऑनलाइन मागवल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची, आणि कोणती ते ताईंनी सांगायचं. एक राखाडी होती, अगदी साधी दिसणारी. दुसरी मोरपंखी निळी, बघताक्षणी हातात घ्यावी अशी.

दैवशालानं स्वतःचं फावडं आणि बर्फात खुपसून गाडलेलं माणूस शोधायची घडीची सळई बरोबर नेली होती. दिवाणखान्यात सतरंजीवर बसून ती सांगायला लागली. एका दिवसाच्या चढाईला सॅक फार मोठी नको, मोठी घेतली की माणूस ती भरतोच आणि मग वजनानं हैराण होतो. फावडं आणि सळई यांना वेगळा कप्पा पाहिजे. बर्फ कोसळून कुणी गाडलं गेलं तर डबा, जाकीट, पाण्याची बाटली बाहेर काढत बसायला वेळ नसतो. चेन हातमोजे घालून ओढता आली पाहिजे. कंबरेचा पट्टा रुंद पाहिजे. आणि स्नोबोर्डवाल्यांचं वेगळंच. चढताना आख्खा बोर्ड पाठीवर उभा बांधावा लागतो, त्याला सॅकची पाठ कडक लागते आणि वर-खाली दोन मजबूत पट्टे लागतात.

बोर्ड घरात नव्हता, तो तिकडेच भाड्यानं घ्यायचा होता. म्हणून कनिकानं इस्त्री करायची लांब फळी आणली. राखाडी सॅकवर ती बांधून बघितली, तर फळी पाठीला चिकटून उभी राहिली. कनिका ती घेऊन खोलीत फिरली, वाकली, उड्या मारल्या. तिची आजी इचरजबाई दारात उभी राहून हसत होती. रामनिवासजी दुकानातून वर आले आणि म्हणाले की ताई, खर्च्याचं बिलकुल बघू नका, पोरीला पसंत पडेल ते घ्या. आजीनं वाटेत खायला मठरीचा डबा भरून ठेवला होता. निघायच्या आदल्या दिवशी घरात पूजा होती, त्याचंही आमंत्रण झालं. सगळं घर तिच्या जाण्यानं फुलून आलं होतं.

दैवशाला हे बघत बसली. सकाळीच तिनं सासूला सांगितलं होतं की यंदा ट्रेनिंग हैदराबादला आहे.

कनिकानं निळी सॅक मांडीवर घेतली. “ताई, मला ही लई आवडून राह्यली. हिच्यावर बोर्ड बसंल ना?”

निळ्या सॅकच्या बाजूला दोन बारीक पट्टे होते. ते सॅक आवळायचे होते, वजन पेलायचे नव्हते. तिची पाठ मऊ होती, हातानं दुमडायची. दैवशालानं हे एका नजरेत ओळखलं. फळी अजून राखाडी सॅकवर बांधलेली होती. ती सोडून निळीवर बांधून दाखवायची, की कनिकाला आपोआप कळलं असतं.

“चालेल,” ती म्हणाली.

राखाडी सॅक परत गेली.

गुलमर्गला पोहोचल्यावर बोर्ड भाड्यानं घेतला, तेव्हा कनिकानं तो पहिल्यांदा सॅकवर बांधला. त्यांचा वाटाड्या नजीरभाईनं कपाळाला आठ्या घातल्या. शेजारच्या दुकानात सॅक भाड्यानं मिळतात, असंही तो म्हणाला. दैवशालाला बोलायची ही दुसरी संधी होती. पण आता बोललं तर घरी का बोलला नाहीत, असं कनिका विचारणार. तिनं आपल्या जवळची दोरी काढली, बोर्डाभोवती दोन वेढे घेतले आणि आता हलणार नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. बर्फ घट्ट बसलेलं होतं, नजीरभाईनं उतार तपासून घेतला होता. दैवशाला स्कीवर आणि कनिका बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना रुंद जाळ्या बांधून, अशा दोघी त्याच्यामागून चढत होत्या. देवदार संपले आणि धारेवर वारा लागला. वाऱ्यानं बोर्ड शिडासारखा धरला. मऊ पाठ वाकली, वरचा पट्टा सरकला, दोरी घसरली आणि बोर्ड एका बाजूनं सुटून लोंबायला लागला. कनिका तो सावरायला वळली, तेवढ्यात बोर्डाचं टोक तिच्या गुडघ्यामागं बसलं.

ती ओरडली नाही. नुसती खाली गेली. उताराला लागून घसरत, फिरत, खालच्या खडकांच्या रांगेपर्यंत. तिथं ती उजव्या हातावर आपटून थांबली.

दैवशाला तिच्याजवळ कशी पोहोचली ते तिला पुढं नीट आठवलं नाही. कनिका शुद्धीवर होती, चेहरा पांढरा पडला होता आणि मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. खडक थोडे इकडं असते तर डोकं आपटलं असतं. दैवशालानं फावड्याचा दांडा मनगटाला लावून मफलरनं बांधला, स्वतःचं जाकीट तिला घातलं, आणि नजीरभाईच्या मदतीनं तिला बसवत, उतरवत खाली आणलं. वाटेत कनिका सारखी म्हणत होती, “ताई, माझ्यामुळं तुमचा दिवस खराब झाला.” दैवशाला तिला बोलू नको म्हणाली. तिला ते ऐकवत नव्हतं.

ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी टाकावी लागली. श्रीनगरच्या दवाखान्यात रामनिवासजी विमानानं आले. आल्या आल्या त्यांनी दैवशालापुढं हात जोडले. जालन्यात परतल्यावर इचरजबाईनं तिला घरी बोलावून साडी दिली, कुंकू लावलं, डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही होत्या म्हणून आमची पोरगी राहिली, असं ती घरात सगळ्यांना सांगायची. दैवशालानं साडी घरी आणली आणि कपाटात तळाशी ठेवली.

भागवतला तिनं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “मुद्दाम तर केलं न्हाई ना? मंग सोड आता.” मुद्दाम केलं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं की ती निळी सॅक आणि राखाडी सॅकवर बांधलेली ती फळी समोर यायची. पाडायचं म्हणून केलं नव्हतं. पण माहीत असून केलं होतं.

कनिका कामावर आली तेव्हा तिला उजव्या हातात चिमटा धरता येत नव्हता. दैवशाला तिचे गुंडाळ्यांचे ट्रे स्वतःकडं घ्यायला लागली. आपलं आटोपून कनिकाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, कोंब मोजायचे, आकडे तिच्या नावावर भरायचे. रोज संध्याकाळी कनिका थँक्यू म्हणायची आणि आजीनं दिलेला डबा तिच्या टेबलावर ठेवायची. तो डबा उघडायची दैवशालाला भीती वाटायला लागली. कनिकाला एवढी मदत करते म्हणून साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा ती उठून हात धुवायला गेली आणि नळ चालू ठेवून नुसती उभी राहिली.

एका दुपारी लॅबमध्ये दोघीच होत्या. दैवशालानं चिमटा खाली ठेवला.

“कनिका, ती निळी सॅक बोर्डाच्या कामाची नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं.”

कनिका हसली. “ताई, तुम्ही कशाला स्वतःवर घेऊन राह्यल्या? पट्टा सरकला, त्याला कोण काय करणार.”

“सरकणारच होता. तुझ्या घरी बसूनच बघितलं होतं मी.”

कनिकाचं हसू हळूहळू गेलं. “मंग बोलल्या का न्हाई?”

“राग आल्ता तुझा. तुझ्या घरचे सगळे खूश होते, आणि मी सासूला खोटं सांगून निघाले होते. तेवढंच. दुसरं काही कारण न्हाई.”

कनिका स्वतःच्या मनगटाकडं बघत बसली. टाक्यांची रेघ अजून लाल होती. मग ती म्हणाली, “आजी रोज तुमचं नाव घेऊन दिवा लावती. तिला हे सांगू नका.”

एवढं बोलून तिनं आपला ट्रे दैवशालाच्या टेबलावरून उचलला आणि स्वतःच्या जागी नेला. डाव्या हातात चिमटा धरून कोंब उचलायला लागली. कोंब सुटत होते, परत धरत होती. दैवशाला मदतीला उठली, तर कनिकानं मान हलवून नको म्हटलं. पुढं कितीतरी दिवस ती तशीच डाव्या हातानं काम करत राहिली. कामापुरतं बोलायची. डबा बंद झाला. कुणाला काही बोलली मात्र नाही, आणि मस्तगडला रस्त्यात इचरजबाई भेटली की ती पूर्वीसारखीच दैवशालाचे हात हातात घ्यायची. दैवशाला मान खाली घालून उभी राहायची. हे असंच सोसायचं आहे, एवढं तिला कळलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तिनं सासूला खरं सांगितलं. सासू पापडाचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले. “इतकी सालं मी पोरं सांभाळली, ती काय ट्रेनिंगसाठी?” एवढंच म्हणाली आणि पीठ मळत राहिली. चार-सहा दिवस घरात अबोला होता. मग सासूनंच एकदा फोटो दाखव म्हणून मोबाइल मागितला.

दिवाळी झाल्यावर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कनिका लॅबमध्ये एक नवी सॅक घेऊन आली. स्वतः शोधून, स्वतः घेतलेली, गडद तपकिरी. ती तिनं दैवशालासमोर ठेवली. कशी आहे, असं विचारलं नाही. बघा, एवढंच म्हणाली.

दैवशालानं डबा बाजूला सारला. सगळे कप्पे उघडले, पट्टे पूर्ण ताणून पाहिले, सॅकची पाठ गुडघ्यावर दाबून पाहिली, शिवण उलटी करून बघितली. मग तिनं कुणाचे तरी लॅबचे जाड हातमोजे घातले आणि प्रत्येक बक्कल लावून-काढून पाहिलं. सुट्टी संपत आली तरी ती बघतच होती.

“सॅक बराबर आहे. फक्त हे खालचं बक्कल मोजे घालून सुटत न्हाई,” ती म्हणाली. “तिथं थंडीत बोटं चालत न्हाईत. बदलून घे.”

कनिकानं स्वतः मोजे घालून ते बक्कल ओढून पाहिलं. नाही सुटलं. “बदलते,” ती म्हणाली आणि सॅक घेऊन गेली.

जानेवारीत कनिका पुण्याच्या एका ग्रुपबरोबर गेली. दैवशालाला तिनं चला म्हटलं नाही, आणि दैवशालाही त्या वर्षी कुठं गेली नाही. एका सकाळी मक्याच्या गुंडाळ्या उघडताना तिच्या मोबाइलवर कनिकाचा मेसेज आला. वर पोहोचलो, बोर्ड हलला नाही, मनगट थंडीनं ठणकतंय.

दैवशालानं उत्तर लिहिलं, मोज्यावरून मफलर गुंडाळ, उतरताना हात टेकू नको. आणखी काही लिहावं असं तिला वाटलं, पण ते लिहायचा आपल्याला हक्क आहे का, ते तिला ठरवता येईना. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि पुढची गुंडाळी उलगडली.