दातात भरायचं सिमेंट

दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होते तेव्हा माझ्याकडं दातात भरायच्या सिमेंटची ताकद मोजायचं काम होतं. पूड आणि द्रव काचेवर घोटायचे, साच्यात भरून बारीक कांड्या करायच्या, अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात दिवसभर ठेवायच्या आणि मग यंत्रात दाबून मोडायच्या. मोडताना पडद्यावर जो आकडा दिसेल, ती त्या सिमेंटची ताकद.

माझे चुलते धर्मापुरीकडं मेंढरं राखायचे. फुकट शिबिरात त्यांनी दाढ भरून घेतली होती. थोड्याच दिवसांत ते कॉलेजात आले आणि रुमालाच्या गाठीतून पांढरा चुरा काढून दाखवला.

"भाकर खाताना निघालं, बाई. कशानं निघालं आसंल?"

"पुन्हा भरून देते, काका. बसा खुर्चीत."

"आता न्हाई. मेंढरं तेलगावच्या शिवारात बसवलीत. माघारी आलो की भरू."

गोळ्या घेऊन ते गेले.

शिबिरातला सिमेंटचा एक उरलेला डबा मी मागून आणला. दाब वाढायच्या आतच त्याच्या कांड्यांचा भुगा झाला. सर म्हणाले, "मिश्रण पातळ झालं असेल." दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः घोटलं, तरी तेच. शिबिरवाल्यांना फोन केला.

"मॅडम, डबे तर सगळीकडं वाटून झालेत," पलीकडचा माणूस म्हणाला.

काका परत आले ते जीपमध्ये आडवे. जबड्याखाली दगडासारखी सूज, जीभ वर उचललेली, थुंकी गिळता येईना. दाढेतला पू गळ्यात उतरला होता. मोठ्या दवाखान्यात नळी घालायच्या आत त्यांचा श्वास थांबला.

दाढ आधीच खोल किडली होती. नुसत्या सिमेंटनं माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण भोक उघडं राहिलं होतं.

काकांचं तेरावं झाल्यावर काकूला मी सगळं सांगितलं.

"मग ते डबे कुठं हायत आता?"

"परत मागवले म्हणतात. पुढं काय केलं, ते कुणी सांगत नाही."

काकूचीही दाढ किडलीय. चांगलं सिमेंट घेऊन मी गेले, तर ती गालावर हात धरून बसलेली.

"तुझ्यावर राग न्हाई, बाई. पर माझ्या तोंडात आता कुणाचा हात नको."

परवा गेले तेव्हा गाल थोडा सुजला होता. "निदान काढून तरी टाकू," म्हणून मी हातापाया पडले. ती तोंडाला पदर लावून मेंढरांना पाला टाकायला उठली.