साडभाऊंची सरकारी दाढ

गोंदियापासून दरेकशाच्या डोंगरापर्यंत सोने कानात घालणारे, गळ्यात घालणारे आणि पेटीत दडवणारे असे सगळ्या प्रकारचे लोक मी पाहिले आहेत; पण सोन्याने धान चावणारा माणूस या मुलखात एकच झाला आणि तो माझा साडभाऊ होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. मालधक्क्यावर कारकुनी करून मी केस पिकवले. वजन केल्याशिवाय पोते आणि पाहिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकवायची नाही, ही माझी सवय आहे. तरीही साडभाऊंची आठवण निघाली की माझे बोलणे भरभर होऊ लागते, हात हलू लागतात आणि आतून बायको म्हणते, "झालं! आता दाढ निघणार!"

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. नागऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांची धानाची शेती होती. घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. पणजोबांनी घातलेल्या पाळेवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालताना ते चपला हातात घेत आणि जगातली कोणतीही गोष्ट तलावाच्या नाहीतर धानाच्या मापाने मोजत. त्यांची खरी कीर्ती मात्र उजव्या बाजूच्या खालच्या दाढेची. धान कापून, चुरून म्हणजे मळून खळ्यावर पसरले की ते कोठीत कधी भरायचे हा मोठा प्रश्न असतो. ओले भरले तर आतल्या आत तापते, बुरशी धरते. फार वाळले तर गिरणीत तांदळाचा चुरा होतो. आमच्याकडे कुणीही शेतकरी दाणा दाताखाली धरून अंदाज घेतो. साडभाऊ अंदाज घेत नसत, ते ऐकत. दाणा दाढेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, आणि मग कट्! तेवढ्या आवाजावर निकाल. "अजून दोन उन्हं दे." किंवा, "भर कोठीत, कायले वाट पाहून राहिला?" कार्तिकात त्यांच्या ओट्यावर मुठीत धान घेतलेली माणसे बसलेली असत आणि जाताना कुणी बोरे, कुणी मासे ठेवून जाई. मी हिशेबी माणूस. दोन हंगाम पाळत ठेवली. त्यांचा निकाल चुकलेला मला एकदाही सापडला नाही, आणि मी शोधायला कमी केले नव्हते.

या दाढेचा त्यांनी मांडलेला थाट काही औरच होता. उजवी बाजू सरकारी, डावी बाजू घरगुती. जेवण सगळे डाव्या बाजूने. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मान एका अंगाला कलती करून जेवताना पाहून माझी आई घाबरली आणि भाजी बिघडली की काय म्हणून विचारू लागली. साडभाऊ गंभीरपणे म्हणाले, "भाजी बेस आहे, आई. पन तिकडं कचेरी आहे. कचेरीत कोनी जेवते का?" करंजाच्या काडीने दात घासताना सुरुवात त्याच दाढेपासून, शेवटही तिच्यावरच. थंडीत बाहेर पडताना लोक कान बांधतात. हे दुपट्ट्याने उजवा गाल बांधत. सर्दी झाली तर निकाल बंद. माणसे दारात ताटकळत आणि माझ्या थोरल्या मेहुणी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्या ओरडत, "ओट्यावरून उठा बाप्पा! आज साहेबाची दाढ रजेवर आहे!"

अशा दाढेचा घात व्हावा तो चारोळीपायी! दरेकशाला नात्यातल्या एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वैशाखाचे दिवस, जंगलात चार, म्हणजे चारोळीचे फळ, पिकलेला. मांडवात बसल्याबसल्या कुणीतरी म्हणाले की चाराची बी दगडाशिवाय फुटत नाही. साडभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. मी त्यांचा हात धरला, "भाऊजी, नका." "बाबू, तू फक्त पाहत राह्य." त्यांनी बिया फोडायला सुरुवात केली, एकामागून एक, आणि मंडळी जोरात मोजू लागली. डावी बाजू दमली तेव्हा या माणसाने, ज्याने आयुष्यात उजवीकडे भाताचे शीत जाऊ दिले नव्हते, बी उजवीकडे सरकवली! कडकन आवाज आला. मांडवाने वाहवा केली. साडभाऊंनी तळहातावर थुंकून पाहिले. बी सबंध होती. फुटली होती ती दाढ.

घरी आल्यावर लवंग झाली, बिब्बा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. दाढेचा एक कोपरा पार गेला होता आणि गार पाणी लागले की माणूस जागच्या जागी उडत असे. बाजारात चिमटा घेऊन बसणारा दात काढणारा, गळ्यात उपटलेल्या दातांची माळ मिरवीत, आपण होऊन पुढे आला. "लाओ भैया, एक मिनट का काम है." साडभाऊ त्या माळेकडे पाहत राहिले आणि दुसऱ्या क्षणी बाजारातून असे पळाले की त्यांची एक चप्पल तिथेच राहिली. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. दाढ काढली तर कार्तिकात दारात कोण येणार? साडभाऊ दिवसभर पाळेवर जाऊन बसू लागले. डाव्या दाढेने धान चावून पाहिले, पण ती बिचारी घरगुती. "मुकी आहे, बाबू," ते मला म्हणाले, "काहीच बोलत नाही." त्यांचे डोळे भरलेले पाहून मी त्यांना सरळ गाडीत घातले आणि गोंदियाला नव्याने आलेल्या दातांच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टर तरुण, हिंदी बोलणारा, हाताने हलका आणि जिभेने फटकळ होता. त्याने आरसा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "जड़ पक्की है. निकालना क्यों?" मग त्याने मला समजावले. नुसती चांदी भरली तर कोपरा उभाच राहणार नाही. सबंध टोपी घालायची तर चांगली दाढही चहूबाजूंनी घासावी लागेल. म्हणून मोडके तेवढे साफ करायचे, चांगले तसेच ठेवायचे, मेणाचा साचा घ्यायचा आणि सोने ओतून गेलेला कोपरा व चावायची पाठ झाकणारे झाकण बसवायचे. मला वाटले, साडभाऊंना हे उमगायला संध्याकाळ होईल. ते तर खुर्चीतच ताठ झाले! "म्हंजे पाळ फुटली म्हनून तलाव नाही बुजवायचा. जिथं फुटली तिथं नवी पाळ घालायची!" डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, "ये क्या बोल रहे हैं?" मी म्हटले, "बरोबर बोलताहेत."

सोने बाईंनी दिले. त्यांच्या कानातल्या फुलांपैकी एक यात्रेत पडले होते आणि दुसरे डबीत एकटे होते. साडभाऊ नको नको म्हणू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "एका कानात घालून मी का गावभर फिरू? तुमच्याच तोंडात राहू द्या. दिवसभर बोलता, कधीमधी दिसंल तरी मले." डॉक्टरने त्यात दुसरा धातू मिसळून ते कडक केले. पायाने चालवायच्या यंत्राने दाढ कोरताना साडभाऊंनी माझे मनगट असे दाबले की दुसऱ्या दिवशी मला लेखणी धरवेना. मेणाचा साचा बाहेर आला तो त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि "घाट बेस आहे" असे प्रशस्तिपत्र दिले. पुढच्या बाजारच्या दिवशी झाकण बसले. डॉक्टर हात धुवायला वळला आणि साडभाऊंनी दुपट्ट्याची गाठ सोडून धानाचा दाणा बाहेर काढला. डॉक्टर ओल्या हातांनीच धावला. "अरे दादा! सिमेंट गीला है! कल तक रुको!"

इथेच ती गोष्ट घडली, जी फक्त या घराण्यातल्या माणसाच्या हातून घडू शकते. डॉक्टरने एक दिवस सांगितला होता. साडभाऊंनी पूर्ण पावसाळा दिला! नव्या पाळेची माती एक पावसाळा खाऊन बसल्याशिवाय तिच्यावर भार टाकायचा नाही, ही त्यांच्या घरची पिढ्यानपिढ्यांची रीत. मी समजावले, बाई चिडल्या, डॉक्टरने निरोप धाडला की दाढ कधीच पक्की झाली आहे. साडभाऊंचे उत्तर एकच, "डॉक्टरनं किती तलाव बांधले?" ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, हा माणूस पुन्हा मान कलती करून जेवला. मात्र रोज सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवणे चालू होते. फुलचूरला आमच्या घरी आले तेव्हा शेजारीपाजारी रांगेने पाहून गेले. एका म्हातारीने तर त्या दाढेला हात जोडले.

कार्तिक आला. मी रजा काढून बायकोसह गेलो, इतकी उत्सुकता मला माझ्या लग्नातही नव्हती. खळ्यावर निम्मे गाव जमले. पहिला मान शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. साडभाऊंनी दाणा ठेवला, डोळे मिटले, हात वर केला. कुणी खोकले नाही. कट्! "भर कोठीत," ते म्हणाले आणि आम्ही सगळे ओरडलो, टाळ्या वाजवल्या. मी तर म्हाताऱ्याला मिठीच मारली.

आठवड्याच्या आत म्हाताऱ्याने कोठीत हात घातला, तर धान गरम! चुकले होते. नुकसान झाले नाही, पुन्हा उन्हात घालून ते निभावले, पण म्हातारा भर चौकात म्हणाला, "भाऊ, दाढ सोन्याची झाली, पन अक्कल पितळेची रायली." लोक हसले. मला निरोप कळला तसा मी धावलो. साडभाऊ घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. "ऐकू येते, बाबू, पन समजत नाही. परक्या मुलखातला मानूस बोलून राहिला असं वाटते." बाई मात्र सूप आपटून उभ्या राहिल्या. "नवा बैल आनला तं पहिल्याच दिवशी त्याले धानाच्या बांधीची वाट समजते का? काऊन बसून राहिले भिंतीकडं? फिरवा त्याले!"

आणि साडभाऊ निघाले! निकाल देणारा माणूस आता प्रश्न विचारत हिंडू लागला. प्रत्येक खळ्यावर जायचे, "किती उन्हं झाली?" म्हणून आधी विचारायचे, दाणा चावायचा, डोळे मिटून तो आवाज मनात ठेवायचा आणि पुढच्या खळ्यावर जायचे. ओले, अर्धे वाळलेले, कडक, सगळे चावले. पोरेटोरे मागून "कट् कट्" करीत फिरायची. त्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी टोमणा मारला, दुसऱ्या दिवशी स्वतःच दाणे मोजून हातावर ठेवू लागला. हंगाम सरत आला तेव्हा एका दुपारी बाई मूठ पुढे करून म्हणाल्या, "हे सांगा पाहू." साडभाऊंनी दाणा ठेवला. चावला. डोळे उघडले. दुसरा चावला आणि एकदम उसळले, "हे या सालचं नाही! कोठीच्या बुडातलं मागचं धान आहे. मले फसवून राहिली काय?" बाई हसता हसता डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "माह्यं सोनं खोटं नाही निघालं!" म्हातारा तिथेच होता. तो तडक घरी गेला आणि आपल्या धानाची मूठ घेऊन परत आला.

त्यानंतरचे हंगाम त्यांनी त्या दाढेवर गाजवले. गेल्या माघात मात्र तापाचे निमित्त झाले आणि माणूस गेला. आमच्यात जाणाऱ्याच्या मुखात तुळशीचे पान आणि सोन्याचा कण ठेवतात. बायका डब्या शोधू लागल्या, माझ्या बायकोने बोटातली अंगठी काढायला घेतली, तेव्हा उशाशी बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. त्यांच्या तोंडात माह्यं आहे."

यंदा कार्तिकात माझ्या अंगणात धान वाळत पडले होते. मी किती उन्हे झाली ते मोजले होते, हिशेब बरोबर होता. तरी एक दाणा उचलून उजव्या दाढेखाली धरला, डोळे मिटले, हात वर केला. बायको दारात गप्प उभी राहिली. कट्. आवाज आला खरा, पण त्याने मला काही सांगितले नाही. मी धान पुन्हा पसरले आणि अजून दोन उन्हे दिली.