पोळ्याचं तेल

तापलेल्या जुन्या कातड्याचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं दार उघडावं आणि आतला उबारा एकदम अंगावर यावा: थोडा गोठ्यासारखा, थोडा पेटीत राहिलेल्या जुन्या वह्यांसारखा, आणि तळाशी करडईच्या तेलाचा कडसर, खवट दर्प. गेले तीन महिने हा वास माझ्या नाकात मुक्कामाला आहे. अंघोळ केली तरी हलत नाही, जेवायला बसलो तर भाकरीलाही तोच येतो. दुपारी दुकानात पंख्याखाली आडवा होतो, आणि दहा मिनिटांत उठून पुन्हा त्या गाडीपाशी जाऊन उभा राहतो. एका वासाने माणसाला इतकं अस्वस्थ करावं!

तसा मी स्वस्थ बसणारा कधीच नव्हतो. गेवराईला हमरस्त्याच्या कडेला जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. एका मोडक्या नांगरापासून सुरुवात केली, आणि आज जे काही आहे ते याच जिभेवर उभं केलं आहे. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात एकदाही मान्य केलेला नाही. राग मला लवकर येतो, हे मला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना तर त्याहून जास्त. पण घासाघीस ही माझ्या लेखी आदराची रीत आहे. दोन माणसं एकमेकांना मोजतात, तोलतात, पाठ फिरवून चार पावलं जातात आणि हाक येण्याची वाट पाहतात. ज्याच्याशी भांडावंसंही वाटत नाही, त्याची आपल्या मनात किंमत तरी काय?

म्हणूनच ही गाडी ज्या रीतीने माझ्या हाती आली ती रीत मला डाचत राहिली. गाडी विलायती घडणीची, काळी, गोल पाठीची, माझ्याहून वयाने मोठी. आत डाळिंबी रंगाच्या कातड्याच्या सीटा. निदान एके काळी तो रंग डाळिंबी होता. नांदूरघाटच्या बाजूला दादासाहेबांच्या गोठ्यात ती कडब्याच्या पेंढ्यांआड उभी होती. दादासाहेब म्हणजे त्या भागातले मोठे जमीनदार, आता थकलेले. मी तयारीने गेलो होतो. इंजिन बसलं आहे, पत्रा गंजाने खाल्ला आहे, सुटे भाग मिळत नाहीत, सगळी अस्त्रं भात्यात होती. आधी मुद्दाम असा भाव बोललो, की ऐकणाऱ्याने चिडावंच.

दादासाहेबांनी माझा चेहरा निरखला. म्हणाले, "तू गणपतचा ना?"

"हो."

ते उठले, ओसरीतल्या कोनाड्यातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घेऊन जा."

झालं! आखाड्यात उतरावं, मांडीवर थाप मारावी, आणि समोरच्याने आपण होऊन पाठ टेकावी, तसं झालं ते. ती दया होती का? की, तुझ्याशी काय बोलायचं, असा तोरा? भाव माझ्या मनासारखा मिळाला होता आणि मी परतीच्या वाटेवर दात-ओठ खात होतो.

गणपत म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. ही गाडी चौदा वर्षं त्यांनी चालवली. नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या वैराचं मूळ इथेच आहे. अण्णा मूळचे मोटेवरचे गडी. विहिरीतून पाणी ओढणारी कातड्याची मोट कडक पडू नये म्हणून तिला करडईचं तेल चोळत. पोळ्याला बैलांच्या घागरमाळांच्या कातडी पट्ट्यांनाही तेच तेल लागे. मग हातात गाडी आली, आणि गाडीतही कातडं! अण्णांना त्यात दुसरा विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळून झाले, की ते वाटीभर तेल घेऊन गाडीत शिरत आणि सीटा मळत. बैलांना देतात तसं उद्याच्या जेवणाचं आवतणसुद्धा तिला देत. दाराशी उभा राहून मी हसलो, की म्हणत, "हस बे हस. तिच्या बी खांद्यावर लई वझं असतंय."

चौदा पोळे असे गेले. प्रत्येक पोळ्याचा एक थर, आणि त्यावर वर्षभराची धूळ, घाम, कापसाची तूस. पंधराव्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वडवणीला बारसं होतं. दादासाहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, पिस्ता रंगाची नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसल्या. बारशाच्या घरी उतरल्या तेव्हा पाठीमागे साडीभर काळं तेल उमटलेलं होतं. बायका हसल्या. त्यानंतर अण्णा त्या गाडीत कधी बसले नाहीत. आमच्या घरात एकच वाक्य राहिलं, आई ते भाकरी थापता थापता म्हणायची, "एका लुगड्यापायी काढून टाकलं माणसाला." अण्णा गप्प असत. नंतर ते जिनिंगमध्ये राखणीला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मरेपर्यंत पुन्हा कुठल्याही गाडीच्या चाकाला त्यांनी हात लावला नाही. एका शब्दाने तरी भांडायला नको होतं का त्यांनी? माझी ही जीभ त्या गप्पपणातूनच धारदार झाली, असं मी इतकी वर्षं समजत आलो.

आता माझा बेत तुमच्या लक्षात आला असेल. ते चौदा-पंधरा थर उतरवायचे. खालचं डाळिंबी कातडं वर आणायचं. पांढरेशुभ्र कपडे घालून त्याच कातड्याला टेकून बसायचं, नांदूरघाटपर्यंत गाडी न्यायची, बाईसाहेबांच्या दारात उतरायचं आणि त्यांना पाठ दाखवायची. बघा, डाग निघत होता! माणूस काढायची गरज नव्हती!

पण मळ का कधी रागाला भितो? पहिल्याच दिवशी मी थिनरचा बोळा घेऊन भिडलो. काळं सुटलं, पण त्याबरोबर कोपऱ्यातला रंगही सुटला आणि खालून पांढरट, उघडं कातडं डोळे वटारून पाहू लागलं. मग मिस्त्रीकडून इंजिन चालू करून घेतलं आणि गाडी बीडला सलीमचाचांकडे नेली. सीटांच्या कामात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी तो कोपरा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कुणी केलं हे?"

"मी."

"इतकी घाई कावून, सेठ? चामडं हाय ते, फरशी न्हाई. तुमच्या पाठीला कुणी थिनर लावलं तर?"

त्यांची रीत माझ्या स्वभावाच्या अगदी उलट. रिठ्याचं कोमट पाणी, त्यातला नुसता फेस, मऊ कुंचला, वीतभर जागा. फेस फिरवायचा, टिपायचा, वाळू द्यायचा. मग वस्त्रगाळ मुलतानी माती कोरडीच पसरून दोन दिवस सोडून द्यायची, म्हणजे ती आतलं तेल हळूहळू ओढून घेते. माती झटकली की पिवळी पडलेली दिसे. पुन्हा नवी माती. आणि शेवटी परीक्षा: पांढरं फडकं अंगठ्याने दाबून फिरवायचं. कधी काळं येई, कधी तपकिरी, कधी चहाच्या रंगाचं. मी कामधंदा सोडून त्यांच्या दुकानात स्टुलावर पाय हलवत बसे. "अजून किती?" विचारलं, की चाचा म्हणत, "पंधरा वर्षं घातलं तुमच्या वालिदनी. पंधरा दिवसांत कसं निघल?"

एक मात्र सांगतो. वीतवीत करून जेव्हा तो रंग वर येऊ लागला, तेव्हा स्टुलावरून उठून मी खाली वाकलो. पिकल्या डाळिंबाचा गर्द, ओलसर लाल! चाचा कातडं चिमटीत धरून म्हणाले, "बघा, लोण्यासारखं हाय. ह्या वयाच्या सीटा पापडासारख्या फुटत्यात. तेलानं जीव राखला हिचा." आणि लगेच शिवण उसवून दाखवली. दोरा बोटांत भुगा झाला. "आन् तेलानंच शिलाई खाल्ली." ऐकून मला आनंद झाला की राग आला, ते आजही सांगता येत नाही. अण्णांच्या बाजूने निकाल हवा होता मला. हा कसला निकाल, की मायाही खरी आणि नासाडीही खरी?

शिलाई नवी झाली. चैत्रातल्या एका सकाळी फडकं स्वच्छ आलं. मी उडालोच. चाचा म्हणाले, "अजून दोन पंधरवडे थांबा. उन्हात तर नेऊच नका."

"फडकं साफ आलं ना?"

"सावलीत आलं, सेठ."

कोण थांबतो! दुसऱ्याच दिवशी परीटघडीचा पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालून मी निघालो. मांजरसुंब्याचा घाट चढताना सूर्य डोक्यावर आला होता, पत्रा तव्यासारखा तापला होता, पाठ घामाने चिकटत होती, आणि मी मनातल्या मनात बाईसाहेबांना सुनवायची वाक्यं घडवत होतो. एकेक वाक्य पारखून घेतलं, अगदी ट्रॅक्टर पारखतो तसं.

बाईसाहेब ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. आत दादासाहेबांचा दुपारचा डोळा लागला होता. बाईंचे केस पार पांढरे झालेले, पण नजर शाबूत. मी उतरलो, रामराम घातला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मागून त्यांचं हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, नंतर मोकळं.

"अरे बाबा, अजून सुटलं न्हाई व्हय ते!"

मी सदरा ओढून पाहिला. पाठभर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पिवळा-तपकिरी भला मोठा डाग. आत मुरलेलं तेल उन्हानं वर आलं होतं. घडवलेली सगळी वाक्यं विसरून मी ओरडलो, "ह्याच डागापायी माझ्या बापाला काढलं तुमी!"

त्यांचं हसू थांबलं. हातातली चिंच सुपात ठेवून त्या म्हणाल्या, "मी काढलं? कुणी सांगितलं तुला? लोकं हसली म्हणून मी रडत घरी आले हे खरं. गणपतला एवढंच म्हणाले, पुसून तरी घ्यायचं होतंस. त्यानं माझ्याकडं बघितलं, किल्ली त्या कोनाड्यात ठेवली आन् गेला. दोनदा माणूस धाडला. आला न्हाई. ह्यांनी दुसरी किल्ली करून घेतली, पण ती तिथून हलवू दिली न्हाई कुणाला. त्या दिवशी तू आलास, तर ह्यांना वाटलं, गणपतच्या घरचं कुणी किल्ली न्यायला आलं. त्याच्यात भाव कसला करायचा?"

खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहतो. बोनेटवर हात ठेवून शपथा घेणारे चेहरे मला पाठ आहेत. त्या चेहऱ्यावर काही विकायला ठेवलेलं नव्हतं. आणि मला एकाएकी अण्णा आठवले: आमच्याच घरची आमटी जराशी पातळ झाली आहे, असं कुणी सहज म्हटलं म्हणून भरल्या पंगतीतून उठून गेलेले अण्णा; मामाशी एका शब्दावरून जन्मभर न बोललेले अण्णा. ज्याला मी गरिबाचा गप्पपणा समजत होतो, तो माझाच राग होता की काय? फक्त त्यांच्याकडे त्याला जीभ नव्हती.

मी निघालो तेव्हा बाईसाहेब आत जाऊन धुतलेली चादर घेऊन आल्या. "हे सीटवर टाक आन् बस," म्हणाल्या. मग गाडीकडे बघत, "तेव्हा मलाच सुचायला पाहिजे होतं."

चादर मी घेतली. घडी न मोडता शेजारच्या सीटवर ठेवली आणि तसाच टेकून बसलो. शांत झालो, असं मुळीच समजू नका. घाटात पुढच्या ट्रकवर मी नेहमीसारखाच हॉर्न वाजवत होतो, अण्णांवरही रागावलो होतो, दोनदा माणूस आला तरी न गेलेल्या अण्णांवर. गाडी भट्टीसारखी तापली होती. गोठ्याचा, वह्यांचा, करडईचा तो वास पाठीतून सदऱ्यात, सदऱ्यातून अंगात शिरत होता. घरापर्यंत मी काचा खाली केल्या नाहीत.