शेपटीवरचा आकडा

वाकडं काही दिसलं की माझा हात राहत नसे. पाहुण्यांच्या घरी गेले तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची आणि मग चहाला बसायची. सासूबाई म्हणायच्या, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माझी जिवंतपणीच गेली, पण फार उशिरा.

आम्ही तेव्हा नगरला, भिंगारमध्ये दोन खोल्यांत राहायचो. हे छावणीतल्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते. दुरुस्त होऊन आलेल्या गाड्यांवर नंबर आणि खुणा काढायचं काम त्यांच्याकडे होतं. ना पट्टी, ना खडूची रेघ. श्वास रोखून ब्रश टेकवायचे आणि आकडा पुरा झाल्यावरच श्वास सोडायचे. ऐन चाळिशीत त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, हळूहळू वाढेल, वर्षं जातील, तोवर जमतील तेवढी बारीकसारीक कामं सोडू नका. वर्कशॉपने मात्र ब्रश काढून घेतला आणि त्यांना पाने-पकडी वाटायच्या खिडकीवर बसवलं. तेव्हापासून घरात त्यांचं बोलणं म्हणजे हो आणि नाही, एवढंच उरलं.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या साहेबांनी त्यांच्याकडे एक विमान दिलं. वीतभर लांबीचं, हिरवं, प्लॅस्टिकचं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी झीरो विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती. साहेबांच्या मुलीने ते जोडलं होतं, रंगवलं होतं, आणि मग ती शिकायला बाहेरगावी निघून गेली. वरच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या एका निळसर कागदावर छापलेल्या होत्या. सहा लाल गोल, पंखांच्या पुढच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्या, शेपटीवरचा पांढरा आकडा आणि मुंगीएवढी जपानी अक्षरं. डिकॅल म्हणतात त्यांना. खूण कातरून पाण्यात भिजवायची, ती कागदापासून सुटली की ब्रशने सरकवत जागेवर न्यायची आणि ओली आहे तोवर सरळ करून घ्यायची. एकदा वाळली की मग हलत नाही.

"घरी बसून सावकाश कर, जीव रमेल," एवढंच साहेब म्हणाले होते. ह्यांनी ती परीक्षाच मानली.

"हे नीट बसलं ना, तर सायबाला म्हननार, माझा ब्रश मला परत द्या," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकत होते.

रोज सकाळी एक खूण लावायची असं ठरलं. मी बशीत कोमट पाणी आणून ठेवायची. ते डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचे आणि कामाला लागायचे. पहिला लाल गोल पंखाच्या मधोमध बसायचा तो पार कडेला गेला. त्यांनी ते पाहिलं, मग उठले आणि अंघोळीला गेले. खूण अजून ओली होती. मी ब्रश घेतला आणि गोल जागेवर सरकवला. टँकरच्या पाण्याची अंघोळ, ती असणार अर्ध्या बादलीची. तिसरा तांब्या अंगावर पडायच्या आत मला हात पुसून चुलीपाशी जावं लागलं.

ते बाहेर आले आणि बघतच राहिले.

"वाळताना आपोआप बसतं वाटतं," मी पोळी लाटता लाटता म्हणाले.

"व्हय, पानी वढून घेतंय त्याला," त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. जन्मभर रंगाच्या डब्यात ब्रश बुडवलेला माणूस, ह्या कागदी खुणांची त्यांना माहिती नव्हती. आणि विश्वास ठेवायला ते आसुसलेले होते.

मग तो परिपाठच झाला. त्यांनी लावायचं, अंघोळीला जायचं, मी सरळ करायचं. एकदा मीच वैतागून म्हणाले, "अहो, ह्या मुंग्या उलट्या लावल्या तरी भिंगारमध्ये कुणाला कळणार आहे?"

ते भडकले. "वाचता येत न्हाई म्हनून वाकडं लावायचं व्हय?"

त्या मुंग्याही मीच सरळ केल्या.

शेपटीचा आकडा त्यांनी शेवटाला ठेवला होता. गोल थोडा फिरला तरी कळत नाही, आकडा लगेच चुगली करतो. त्या गुरुवारी तो पार कलंडला. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाजच आला नाही. मी आकडा उचलून ताठ उभा केला. ते आले, पाहिलं, आणि हसले. मग हात माझ्यापुढे धरला. "बघ गं, कमी झालंय न्हाई?" हात होता तसाच थरथरत होता. मी हो म्हणाले.

सोमवारी विमान बुटांच्या खोक्यात ठेवून ते वर्कशॉपला गेले. दुपारीच परत आले. त्यांच्याबरोबरचा एक कामगार त्यांची सायकल हातात धरून चालत आला होता. हे आत गेल्यावर तो दारातच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, विमान बगून सायेब लई खूश झाले. लगेच ब्रश दिला, ट्रकच्या दारावर नंबर काढ म्हनले. पयल्याच आकड्याला ब्रश घसरला. धा येळा पुसलं, धा येळा घसरला. शेवटी सायबांनी सोताच हातातनं ब्रश घेतला. कुनी हसलं न्हाई, वहिनी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

हे खाटेवर बसले होते. "मंग विमानावर कसं बसलं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. ते रागावले असते, महिनाभर माझ्याशी बोलले नसते, पण हात कालच्यासारखाच आहे हे तरी त्यांना कळलं असतं. माझी जीभ रेटली नाही. मी म्हणाले, "तेव्हा तुमचा हात बरा होता."

ते हाताकडे बघत राहिले. "चार दिसांत एवढं गेलं?"

डॉक्टरांनी ज्या दुखण्याला वर्षं दिली होती, ते मी चार दिवसांवर आणून ठेवलं. त्यानंतर त्यांनी हातात काही धरलंच नाही. दाढीला न्हावी यायचा, चहा मी पाजायची. मला माझ्या सरळपणाची किळस यायची, आणि तरीही मी बोलले नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. ऑफिसातल्या कारकुनाने कागदावर सहीसाठी पेन पुढे केलं. ह्यांनी ते घेतलं नाही, शाईचा पॅड मागितला. ज्या माणसाच्या अक्षराकडे लोक थांबून बघायचे, त्याने अंगठा उठवला. तो चौकटीबाहेर, तिरका पडला.

"वाकडा आला," कारकून माझ्याकडे बघत म्हणाला. "दुसरा कागद देऊ का?"

"राहू द्या," मी म्हणाले.