बघायला आलेले पाहुणे

आमच्या चाळीत "बघायला येणार आहेत" म्हटलं की त्याचा एकच अर्थ: कुणाची तरी मुलगी दाखवायची आहे. मग शेजारच्यांचा नवा पंखा आपल्या छताला लागतो, समोरच्यांचे कप आपल्या ट्रेमध्ये येतात, आणि जिच्याकडे जे सोनं असेल ते तेवढ्या दिवसापुरतं आपलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे अनुदान देणाऱ्या संस्थेचा फोन आला, की तुमचा बचत गट बघायला आमची माणसं येतील, तेव्हा भिवंडीतल्या कुठल्याही चाळीतल्या बायांनी जे केलं असतं तेच आम्ही केलं.

गट आमच्या चाळीतल्या बायांचा. मी दहावी पास, म्हणून फॉर्म आणि फोन माझ्या गळ्यात. पण गटाचा जीव होता शेजारच्या काकूच्या चुलीत. काकू इथलीच, खाडीकाठची. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी गोदामं बांधली, काकूच्या सासऱ्यांची जमीनच नव्हती. काका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. कापसाच्या धुळीनं छाती धरली तेव्हापासून ते घरीच असतात. काकू लूमवरच्या परगावच्या कामगारांना जेवण घालते, आम्ही तिच्या हाताखाली चपात्या लाटतो. शिफ्ट सुटली की "चाची, रोटी" म्हणत दारात गर्दी. त्यातच खोलीच्या मालकानं बजावलं, खोलीत एवढी आग पेटवायची असेल तर दुसरं घर बघा. अनुदान मिळालं तर रस्त्यावरचा गाळा आणि चपातीचं मशीन मिळणार होतं. नाही मिळालं तर काकूची चूल बंद, आणि काकांची औषधंही त्याच चुलीवर चालायची.

पाहुणे यायच्या दिवशी आम्ही काकूला नवरीसारखी नटवली. कोपऱ्यावरच्या मावशींचा हार, माझ्या जावेच्या पाटल्या, कुणाच्या कानातल्या कुड्या. कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वर शाल आणि नारळ. खोकत्या काकांना तेवढ्यापुरतं माझ्या घरी निजवलं. आलेल्या बाई पोटभर जेवल्या, "किती छान, किती छान" म्हणाल्या, फोटो काढले. गाडी वळल्यावर काकू माझ्या कानात म्हणाली, "पसंत पडलो गो आपन!"

आठवड्याभरात नकार आला. गट सुस्थितीत आहे, म्हणे.

मी तडक ऑफिसात गेले. बाईंनी फोनवरचा फोटो पुढे केला. "हे तर इथले स्थानिक ना, गोदामवाले? एवढं सोनं आहे अंगावर."

"ते उसनं आहे," मी म्हटलं.

"पण कशासाठी?"

त्या खरंच विचारत होत्या. मला रागानं हसूच यायला लागलं. पाहुणे येणार म्हटल्यावर फाटकी साडी नेसून कोण दारात उभं राहतं? पण बाई मनानं वाईट नव्हत्या. म्हणाल्या, आम्ही परत येतो, या वेळी जसे आहात तसेच राहा. आणि मी निघताना म्हणाल्या, "गट चालवणारी एकटी बाई असेल तर आमच्याकडे तिला आधी मिळतं. आहे का कुणी?"

मी घरी येऊन काकूला शब्दन् शब्द सांगितलं. ती परात घासत होती. घासता घासता थांबली, मग परत घासायला लागली.

दुसऱ्या वेळी बाई आल्या तेव्हा मी त्यांना घेऊन काकूच्या दारात गेले, आणि उंबऱ्यातच थबकले. काकूचं कपाळ मोकळं होतं. गळा मोकळा होता, हातात एक बांगडी नव्हती. काकांची खाट नव्हती, खुंटीवरचा त्यांचा सदरा नव्हता. नवरा जिवंत असताना बाई अशी! मला ओरडावंसं वाटत होतं. बाईंनी काही विचारलं नाही, काकूनं काही सांगितलं नाही. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि फॉर्मवर खूण केली.

गाडी गेल्यावर मी काकूला धरून हलवली. "काकू, हे काय केलंस? काका कुठायत?"

"सकालीच वज्रेश्वरीच्या एस्टीत बसवलं, त्यांच्या भैनीकडं," ती म्हणाली. "मोठ्या सोन्यानं नकार आला ना गो? मंग बारीक सोनं पन काढलं. आता माझ्याकडं काढायला काय न्हाय."

मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात होतं. ती ते काढायला वाकली होती, आणि काका दारात उभे राहिले. परतीची लवकरची एस्टी मिळाली होती. हातात देवीच्या कुंकवाची पुडी होती, दम लागला होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग खाटेच्या रिकाम्या जागेकडे. उंबऱ्यावर बसून त्यांनी मलाच विचारलं, "पोरी, मी कवा मेलो?"

काकूनं त्यांच्या हातातली पुडी घेतली, कपाळाला कुंकू लावलं आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

अनुदान मंजूर झालं. गाळा झाला, मशीन आलं, आता चपात्या भराभरा पडतात आणि काकांची औषधं चुकत नाहीत. आम्ही सगळ्या खूश आहोत, हे मी खोटं सांगत नाही. पण संस्थेची माणसं अधूनमधून काम बघायला येतात, चहाला काकूच्या खोलीतही बसतात. फोन मला येतो, मी गाळ्यात जाऊन सांगते, "उद्या येणार आहेत." काकू मान वर करत नाही, कणीक मळत राहते. गाळ्यातच बसलेल्या काकांना वेगळं कुणी काही सांगत नाही. ते खुंटीवरचा आपला सदरा पिशवीत भरतात, खाट घडी करून माझ्या घरी आणून ठेवतात, आणि सकाळी वज्रेश्वरीची पहिली एस्टी पकडतात.