पान एकेचाळीस

आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळे ‘पान एकेचाळीस’ म्हणत. मी जरा जास्तच म्हणायचो, कारण हे नाव मीच ठेवलं होतं. परदेशातल्या या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शाळेने आम्हा परदेशी शिक्षकांना प्रत्येकी एक किल्ली, एक ओळखपत्र आणि आरोग्य विम्याचं एक पुस्तक दिलं. किल्ली मी खिशात टाकली, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि पुस्तक घरातल्या डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल सरळ उभं राहिलं. विम्याचा एवढा फायदा मला पुरेसा वाटला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये या बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पंचावन्नच्या घरातल्या, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एक फुगलेली निळी फाईल. नाव-गाव काही न विचारता म्हणाल्या, “पान एकेचाळीस वाचलंस?”

“अजून पुस्तकच उघडलं नाही, बाई.”

“मग आज उघड. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.”

मी अर्थातच उघडलं नाही. मला मुळात कागदपत्रांचा कंटाळा, त्यात कुणी हुकूम सोडला की माझा उत्साह आणखी मावळतो.

पण बाईंचं हे काम बघण्यासारखं होतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेत आम्ही तिसावर परदेशी शिक्षक होतो. कुणाचा हात मोडो, कुणाच्या बायकोचे दिवस भरोत, बाई त्या माणसाबरोबर दवाखान्याच्या खिडकीपाशी हजर. तिथे त्या आवाज चढवत नसत. खिडकीवरच्या क्लार्कला आधी “तुमचं जेवण झालं का?” म्हणून विचारायच्या, आणि मग बिलातल्या एकेका ओळीवर बोट ठेवून ती कशाची आहे हे समजून घ्यायच्या. डॉक्टरचा शिक्का खोलीतून बाहेर पडण्याआधी घ्यायचा. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढायचा. आणि फॉर्मवर एक अक्षरही खोटं लिहायचं नाही, मग त्यात आपला कितीही फायदा असो. या शेवटच्या नियमाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या.

हे सगळं मी लांबून बघत होतो, बघून हसत होतो. मग माझ्या बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, पण अगदी आज-उद्याच करायला हवं असं नाही. मी वेळापत्रक काढून बसलो आणि सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख ठरवली. स्टाफरूममध्ये मी ते ऐटीत सांगितलं. “एकही तास बुडत नाही.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “घरी जा आणि टेबलाखालचं पुस्तक काढ.”

टेबलाची चुगली बायकोने केली असणार. घरी जाऊन मी पुस्तक ओढून काढलं, टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं, आणि त्या डुगडुगत्या टेबलावर मी पान एकेचाळीस वाचलं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की विमा कराराबरोबर संपतो. आमचा करार दरवर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी संपायचा आणि नवा करार शाळा उघडल्याच्या दिवशी सुरू व्हायचा. मधल्या सहा आठवड्यांत आम्ही कुणाचेच कोणी नव्हतो. विमा चालू ठेवायचा तर मुख्याध्यापकांच्या सहीचा मुदतवाढीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे. सुट्टीला तेव्हा अठरा दिवस उरले होते. म्हणजे अर्जाला उरले तीन.

“बँकेतला माणूस दुखायला लागलं की डॉक्टरकडे जातो,” बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “आपण आधी वेळापत्रक बघतो. सहामाही होऊ दे, वार्षिक होऊ दे, पेपर तपासून होऊ दे. ज्या दिवसांत विमा नाही, नेमक्या त्याच दिवसांसाठी शिक्षक आपलं दुखणं राखून ठेवतो. काय म्हणावं याला?”

मी खुर्ची ओढली. त्यांच्या शेजारी बसून अर्ज भरला. ‘त्रास कधीपासून’ या रकान्यात मी ‘आठ दिवस’ लिहिलं, कारण ताजं दुखणं लवकर मंजूर होईल असा माझा हिशेब. बाईंनी बायकोला फोन करून विचारलं, मग माझ्याच पेनने ते खोडलं आणि मला ‘चार महिने’ लिहायला लावलं. “खोटं लिहायचं नाही. एक खोटं सापडलं की ते उरलेलं खरंही मानत नाहीत.”

अर्ज मंजूर झाला. ऑपरेशन नीट पार पडलं. निघताना बिलाचा आकडा मी पाहिला. तो माझा आठ महिन्यांचा पगार होता, आणि त्यातला एक पैसाही मला भरायचा नव्हता. त्या दिवसापासून मी बाईंना ‘पान एकेचाळीस’ म्हणायचो ते आदराने.

याला चार वर्षं झाली. या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. साठी पूर्ण झाली की आमच्या शाळेत करार पुढे वाढत नाही, त्यामुळे शाळेचा शेवटचा दिवस तोच त्यांच्या विम्याचाही शेवटचा दिवस. मुदतवाढ त्यांना मिळणार नव्हती.

आमच्याकडे सगळ्या विषयांच्या पेपरांची बेरीज आम्ही गणिताचे शिक्षक पडताळून बघतो. सुट्टीला पाच दिवस असताना बाईंचा पहिला गठ्ठा माझ्याकडे आला. बेरजा बरोबर होत्या, पण बरोबरच्या खुणा उत्तरांवर नव्हत्या. त्या समासात पडल्या होत्या, एक खूण तर पानाच्या बाहेर बाकावरच गेली असावी, कारण पानावर फक्त तिची शेपटी होती. मी मान वर करून पाहिलं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि उत्तरपत्रिका नाकाला लावून वाचत होत्या.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. “मोतीबिंदू?”

“हं. दोन्ही डोळ्यांत. उजवा जास्त.”

“डॉक्टरांनी कधीची तारीख दिली होती?”

बाईंनी उत्तरपत्रिका खाली घेतली. “गेल्या महिन्यातली. मी पुढे ढकलली.”

“कशासाठी?”

“पेपर होते. शेवटची तुकडी आहे रे माझी. मायदेशी परत गेले की करीन तिकडे.”

“कशाच्या जोरावर? तिकडे तुमचा विमा कुठाय?”

त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा नाकाला लावली. त्यांच्याकडे काय शिल्लक होती, हे मला मोघम ठाऊक होतं. खिडकीवर क्लार्कशी एकेका ओळीसाठी बोलणारा माणूस गडगंज नसतो.

“बाई,” मी म्हणालो, “पान एकेचाळीस वाचलंत?”

चार वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं ते, पण बोलताना मजा आली नाही. उलट मला त्यांचा राग आला. तिसावर माणसांना हाताला धरून दवाखान्यात नेणाऱ्या बाईने स्वतःच्या डोळ्यांवर पेपरांचा गठ्ठा ठेवावा, हे मला सहन होईना.

त्याच दुपारी मी त्यांना दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या क्लार्कने बाईंना ओळखलं, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “तुमचं जेवण झालं का?” मंजुरीला दोन दिवस लागतील, म्हणाली. शस्त्रक्रियेला एकच जागा मोकळी होती, शाळेच्या अगदी शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला. त्यात एकच डोळा होणार होता. दुसऱ्याला मुदत नव्हती.

“एक तर एक,” बाई म्हणाल्या. “पण पेपर?”

पेपर एकशे बारा होते आणि त्यांतले चौऱ्याऐंशी बाकी. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. रसायनाच्या शिक्षकाने तपासायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, “तो पाठांतराला मार्क देतो.” शेवटी असं ठरलं की मी मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी ऐकून मार्क द्यायचे.

तीन दिवस दुपारभर आम्ही रिकाम्या प्रयोगशाळेत बसलो. मी उत्तरं वाचत होतो आणि बाई डोळे मिटून म्हणत होत्या, “अर्धा. पुढचं.” मध्येच थांबवायच्या, “‘म्हणून’ लिहिलंय का ‘आणि’? ‘म्हणून’ असेल तर पोराला कळलंय, पूर्ण दे.” आकृत्यांची पंचाईत होती. हृदयाची एक आकृती मला बटाट्यासारखी वाटली, तसं मी सांगितलं. वर असंही सांगितलं की पोरीने डावं-उजवं उलटं दाखवलंय.

“उलटं नाही, गणिताचार्य. समोर उभ्या माणसाचं उजवं आपल्या डाव्या हातालाच येतं. पूर्ण मार्क.”

तिसऱ्या दिवशी गठ्ठा संपत आला तेव्हा त्या आपणहून बोलल्या. “हे चित्रकला शिकवायचे. याच शाळेत.” यजमानांबद्दल त्या प्रथमच बोलत होत्या. “हर्निया होता. वार्षिक प्रदर्शन आटोपू दे, म्हणाले. प्रदर्शन झालं, सुट्टी लागली, सुट्टीच्या नवव्या दिवशी ऑपरेशन केलं. त्यात पू झाला. सतरा दिवस दवाखान्यात. विम्याचं पुस्तक कपाटात होतं, नवंकोरं.”

“आणि बिल?”

“चार वर्षं फेडलं. ते बरे झाले होते, पुढे गेले ते वेगळ्याच दुखण्याने. पण ती चार वर्षं ते रोज म्हणायचे, माझ्या प्रदर्शनापायी हे झालं. प्रदर्शन फार सुंदर झालं होतं रे. त्याचं कौतुक घरात कुणी केलंच नाही, मीसुद्धा नाही.” त्यांनी पुढचा पेपर माझ्याकडे सरकवला. “वाच.”

मी वाचायला लागलो. 

शेवटच्या दिवशी शाळेत निरोपाची भाषणं चालू होती तेव्हा बाई दवाखान्यात पाठीवर झोपल्या होत्या. त्यांच्याबद्दल मुख्याध्यापक काय बोलले हे मला आजही माहीत नाही, कारण मी बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांची निळी फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. फाईल चाळली. त्यात आम्हा सगळ्यांचे अर्ज होते, पावत्या होत्या, माझा ‘आठ दिवस’ खोडलेला कागद होता. एकोणीस वर्षांत एवढ्या लोकांची दुखणी या बाईने खांद्यावर वागवली होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं.

दुपारी तीनला त्यांना बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मंजुरी आलेली होती, बिल विम्यात गेलं होतं. खिडकीवरून शेवटचा एक फॉर्म आला, रुग्णाला घरी कोण नेणार त्याचा. नाव मी भरलं. त्यापुढे ‘नातं’ असा रकाना होता. मी जरा वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं, भाऊ.

“काय काय लिहिलंस, वाच,” बाई म्हणाल्या.

मी सगळं वाचलं. नाव, पत्ता, वेळ. आवाज खाली आणून शेवटचा रकानाही वाचला. “नातं, भाऊ.”

 बाईंनी हात पुढे केला आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं. आता खोडणार, म्हणून मी कागद त्यांच्यापुढे धरला.

“सही कुठे करायची,” त्या म्हणाल्या, “तिथे बोट ठेव.”